पडद्यावरील हात

१८९८ साली, म्हणजे चलच्चित्राचे यंत्र लोकांसमोर येऊन पुरती तीन वर्षेही लोटली नव्हती अशा काळात, रुमानियातील बुखारेस्ट शहरी पँटेलिमोन रुग्णालयात गेऑर्गे मारिनेस्कू या मज्जारोगतज्ज्ञाने ते यंत्र रोग्यांसमोर उभे केले आणि अर्धांगाने पीडित झालेल्या माणसांची चाल त्याच्या फितीवर टिपून घेतली. मुंबईकरांनी या यंत्राचे कौतुक ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात प्रथम पाहिले होते. आणि मारिनेस्कूचे चित्रण चालू होते त्याच सुमारास, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी याच जातीचे यंत्र विलायतेहून मागवून मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये रंगलेली दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. मल्लांच्या देहातील गतीचे ऐश्वर्य आणि अर्धांगरोग्याच्या देहातील गतीचे दैन्य, दोन्ही एकाच काळी या नव्या नेत्राने न्याहाळली, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

मारिनेस्कू पॅरिसला मज्जारोगतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली शिकून आला होता आणि त्याची अडचण मोठी खरी होती. अर्धांगाचा रोगी चालतो तेव्हा त्याचा दुर्बळ पाय गुडघ्यात वाकत नाही, चवडा जमिनीला घासतो, आणि तो अडथळा चुकविण्यासाठी तो पाय बाहेरून अर्धवर्तुळ काढीत पुढे येतो. हे सर्व एका क्षणात घडून जाते आणि उघड्या डोळ्यास त्याचा क्रम सापडत नाही. फितीवरील एकेक चित्र वेगळे करून, त्यांच्या रेषाकृती काढून त्याने तो क्रम सोडविला आणि १८९९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या फिती रोग्यांच्या होत्या, परंतु पाहणारा वैद्य होता. रोग्याने किंवा त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाने पडद्याकडे पाहावे आणि त्यातून स्वतःच्या हातापायांची तालीम घ्यावी, ही कल्पना शास्त्राच्या मान्यतेस येण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. या प्रकरणाचा विषय ती कल्पना हाच आहे.

आपल्याकडे या रोगाला पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा अशी नावे आहेत, आणि खेड्यापाड्यांत अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. वारे मात्र अंगावरून जात नाही. घडते ते कवटीच्या आत. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी नलिका गुठळीने तुंबते किंवा फुटते, आणि त्या नलिकेच्या आश्रयाने जगणारा मेंदूचा भाग काही मिनिटांतच मरू लागतो. मेंदूच्या उजव्या अर्धाचा अंमल मुख्यतः डाव्या अंगावर आणि डाव्या अर्धाचा उजव्या अंगावर चालतो, म्हणून घाव एका बाजूस आणि दुर्बळता दुसऱ्या बाजूस, असा प्रकार होतो. हात, त्यातील स्नायू आणि हाडे जागच्या जागी शाबूत असतात. तुटलेला असतो तो हुकूम पोचविण्याचा मार्ग. तोंड एकाएकी वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच रोग्यास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळविण्याच्या इंजेक्शनाची मुदत झटका आल्यापासून साधारणतः साडेचार तासांचीच असते. या पुस्तकात अन्यत्र त्याचा तपशील आलेलाच आहे. येथे आपल्याला पाहावयाचे आहे ते त्या धावपळीच्या नंतरचे, रोगी जगला आणि घरी आला त्यानंतरचे, महिन्यामहिन्यांचे आयुष्य.

मेलेला मज्जापेशींचा पुंज पुन्हा जिवंत होत नाही. पण त्याच्या शेजारचा मेंदू मेलेल्याचे काम अंगावर घेऊ शकतो, आणि हे कशाच्या बळावर घडते याचा एक सुंदर दाखला रँडॉल्फ नूडो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दिला. त्यांनी खारमाकडांच्या मेंदूतील हाताच्या प्रदेशात एक लहानसा घाव निर्माण केला. ज्या माकडांना तसेच सोडून दिले, त्यांच्या मेंदूत घावाच्या आसपासचा, वास्तविक निरोगी असलेला, हाताचा प्रदेशही आक्रसत गेला आणि खांदा व कोपर यांच्या प्रदेशाने तो बळकावला. ज्या माकडांना दुर्बळ हाताने बारीक खळग्यांतून खाद्य उचलण्याची तालीम दररोज दिली, त्यांचा हाताचा प्रदेश मात्र टिकला आणि काहींमध्ये वाढलाही. जमिनीच्या कज्जेदलालीत ज्यास वहिवाट म्हणतात तोच हा प्रकार आहे. सातबाऱ्यावर नाव असले, तरी जो कसत नाही त्याच्या जमिनीत शेजाऱ्याचा नांगर शिरतोच. मेंदूतील हाताचा प्रदेशही कसल्यानेच हाताच्या नावावर राहतो. रोग्याने बरे होण्याचा जो काही उपाय शोधावयाचा, तो अखेर या वहिवाटीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो: दुर्बळ हात दिवसातून किती वेळा, आणि कोणत्या कामासाठी, चालविला?

याचे उत्तर सुखावणारे नाही. ज्युली बर्नहार्ट यांनी मेलबर्नमधील पाच रुग्णालयांतील पक्षाघाताच्या खास कक्षांत रोग्यांचा दिवस बारकाईने नोंदविला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ रोगी अंथरुणावर पडून होते, साठ टक्क्यांहून अधिक वेळ ते एकटे होते, आणि ज्यास चालणे-वळणे सुधारण्याचा उद्योग म्हणता येईल असे काही दिवसाच्या केवळ तेरा टक्के वेळात होत होते. अमेरिका व कॅनडा येथील पुनर्वसनोपचाराच्या ३१२ बैठकींचे असेच निरीक्षण कॅथरिन लँग यांनी २००९ साली मांडले. हाताच्या उपयुक्त हालचालींची पुनरावृत्ती एका बैठकीत सरासरी अवघी ३२ वेळा होत असे, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या तालमीने मेंदू बदलला तिची संख्या तर शेकड्यांत होती. हे संपन्न देशांचे वर्णन आहे, जेथे खास कक्ष आहेत आणि पगारी प्रशिक्षित माणसे आहेत.

आता गडचिरोलीचा विचार करावा. अभय आणि राणी बंग यांनी स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेतील संशोधकांनी तेथील ८६ गावांतील मृत्यूंचा छडा लावून २०१५ साली जे प्रसिद्ध केले, त्यात असे निघाले की १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूचे तेच सर्वांत मोठे एक कारण होते. शहरी, सुखवस्तू, बैठ्या माणसाचा म्हणून समजला जाणारा रोग भातशेतीत राबणाऱ्या माणसांच्या दारी इतक्या संख्येने येतो, आणि जे त्यातून वाचतात त्यांच्यापाशी फिजिओथेरपिस्ट पोचणार तरी कसा? भारतात या विद्येचे शिक्षणच १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, तेही आदल्या वर्षीच्या पोलिओच्या साथीने डोळे उघडल्यावर. त्यानंतर विद्या वाढली, महाविद्यालये निघाली. परंतु तालुक्याच्या गावापलीकडे, एस. टी. जेथे दिवसातून दोनदा येते अशा वस्तीत, रोग्याचे दिवसाचे चोवीसही तास ज्याच्या स्वाधीन असतात तो माणूस म्हणजे सून, लेक, बायको किंवा नातू. आणि आज त्या नातवाच्या हाती मोबाईल आहे.

पडद्यावरची क्रिया पाहिल्याने हात सुधारेल असे मानण्यास आधार कोणता, हे समजून घेण्यासाठी इटलीतील पार्मा येथे जावे लागते. तेथे जाकोमो रित्सोलात्ती आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतील हालचालीच्या पेशींचे विद्युत्संदेश नोंदीत होते. १९९० नंतरच्या पहिल्याच वर्षांत त्यांना आढळले की माकड स्वतः दाणा उचलते तेव्हा ज्या पेशी चेततात, त्यांतील काही पेशी समोरचा माणूस दाणा उचलताना नुसता दिसला तरीही चेततात. या पेशींना आरसापेशी हे नाव पडले. माणसाच्या बाबतीत पुरावा बहुतांशी अप्रत्यक्ष आहे आणि या पेशींच्या नावावर पुढे जी मोठमोठी विधाने झाली ती सर्वच मान्य करण्याचे कारण नाही. परंतु पाहणे आणि करणे यांची मेंदूतील ठाणी काही अंशी एकच आहेत, एवढे निश्चित झाले आहे. २००७ साली डेनिस एर्टेल्ट यांच्या गटाने याचा उपयोग उपचारात करून पाहिला. झटका येऊन बराच काळ लोटलेल्या, हात अर्धवट चालणाऱ्या मोजक्या रोग्यांना नित्याच्या हस्तक्रियांच्या चित्रफिती दाखवाव्या आणि पाहिलेली क्रिया लगेच त्यांच्याकडून करून घ्यावी, अशा अठरा बैठकी त्यांनी चार आठवड्यांत घेतल्या. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला हाताशी संबंध नसलेल्या आकृत्या दाखवून तोच व्यायाम दिला. हाताची क्रिया पाहणाऱ्यांची सुधारणा अधिक झाली. पुढे इतरांनी असे प्रयोग केले; लाभ प्रचंड नाही, पण आहे, विशेषतः पंजाच्या कामात, असेच त्यांतून एकंदरीने दिसते. पाहून झाल्यावर क्रिया करणे हा या उपचाराचा अविभाज्य भाग आहे. नुसते पाहत पडून राहिल्याने वहिवाट होत नाही.

पार्माच्या प्रयोगांतील दोन बारकावे मला फार मोलाचे वाटतात, कारण चित्रफीत कशी असावी हे त्यांतून कळते. पहिला असा की, माणसाने रिकाम्या हवेत पकडण्याचा अभिनय केला तर माकडाच्या त्या पेशी सहसा चेतत नसत. हात आणि वस्तू यांची भेट व्हावी लागे. दुसरा बारकावा जोव्हान्नी बुच्चिनो यांनी २००४ साली माणसांत दाखविला. माणूस, माकड आणि कुत्रा यांना चावताना पाहिल्यावर पाहणाऱ्याच्या मेंदूतील हालचालीचे प्रदेश जागे झाले, कारण चावणे त्याला स्वतःलाही येते. कुत्रा भुंकताना दिसला तेव्हा मात्र ते प्रदेश स्वस्थ राहिले, कारण भुंकणे ही त्याच्या देहाची क्रिया नाही. देहाला जे येते तेच देह पडद्यावर ओळखतो.

हे मान्य केले, की परदेशी रुग्णालयाने तयार केलेली, काट्याचमच्याने जेवणारी आणि उंच खाटेवरून उठणारी माणसे दाखविणारी उत्तम चित्रफीत अंमळनेरच्या आजीबाईंना का परकी राहते, हे निराळे सांगावे लागत नाही. त्यांच्या हाताने साठ वर्षे भाकरी थापली, फुलवाती वळल्या, निऱ्या घातल्या, तुळशीला पाणी घातले. पितळी तांब्याच्या गळ्याभोवती बोटे कशी वळतात, तो भरलेला असला की मनगट कसे सावरते, हे त्यांचा देह जाणतो. तेव्हा पडद्यावर तांब्याच हवा, आणि शक्य तर त्यांच्याच घरातला. पुरुष असेल तर सदऱ्याची गुंडी, चंचीतून सुपारी काढणे, वर्तमानपत्राची घडी घालणे. रबरी चेंडू दाबत बसण्याचा जो सल्ला सर्वत्र न विचारता मिळतो, त्याने बोटे मिटण्याचा जोर वाढतो. पक्षाघातात पुढे बहुतेकांची अडचण बोटे मिटण्यापेक्षा उघडण्याची असते.

चित्रणाच्या तंत्रातही अशाच अडचणी दडलेल्या आहेत. शिकविणारा समोर तोंड करून उभा राहिला तर त्याचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूस येतो, आणि आधीच गोंधळलेल्या मेंदूवर ही उलटापालट करण्याचे आणखी एक ओझे पडते; म्हणून क्रिया करून दाखविणाऱ्या माणसाच्या खांद्यामागून, जणू तो हात पाहणाऱ्याच्याच धडातून पुढे आला आहे असे, चित्र घेणे इष्ट. उजव्या मेंदूच्या घावानंतर अनेकांना एक विचित्र विस्मृती जडते. जगाची डावी बाजूच त्यांच्या लेखी उरत नाही. ताटाच्या डाव्या अर्धातील भाजी तशीच राहते, दाढी उजव्याच गालाची होते. असा रोगी पडद्याचा डावा अर्धा भाग पाहतच नाही. मोबाईल त्याच्या उजवीकडे धरला तर त्याला चित्र दिसते. पण पुढे पुढे तो हळूहळू डावीकडे सरकवीत नेणे, आणि डाव्या काठावर लाल फडक्याची पट्टी लावून तिच्यापर्यंत नजर नेण्यास सांगणे, हाही एक व्यायामच होऊन बसतो. डाव्या मेंदूचा घाव असेल तर पुष्कळदा वाचा जाते किंवा शब्दांचा अर्थ निसटतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्याच्या मेंदूचा अभ्यास केला तो रोगी ‘टॅन’ एवढाच ध्वनी उच्चारू शके. अशा माणसासमोर अखंड निवेदन करणारी चित्रफीत हा केवळ कोलाहल ठरतो. तेथे शब्द थोडे, मध्ये शांतता पुष्कळ आणि एका वेळी एकच क्रिया असावी. बोलता न येणारी कित्येक माणसे ओळखीच्या चालीवर शब्द म्हणू शकतात, हेही घरच्यांना ठाऊक असावे. ज्याला स्वतःचे नाव उच्चारता येत नाही तो आरतीच्या वेळी शब्दांसह सूर धरतो, तेव्हा तो सोंग करीत होता असा संशय घेऊन त्याला दुखवू नये.

आतापर्यंत मी रोग्याविषयी लिहिले. परंतु माझ्या मते शैक्षणिक चित्रफितीचा पहिला हक्कदार त्याच्या शेजारचा माणूस आहे. आमच्या घरी माझ्या मामांना झटका आला त्याला आता बरीच वर्षे झाली. आम्ही सर्व भाचे आळीपाळीने त्यांना उठवीत असू, आणि उठविताना त्यांचा लुळा हात धरून, काखेत हात घालून, जोराने ओढीत असू; प्रेमाने ओढीत असू. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि केवळ हाताच्या वजनानेही तो सांधा उखळीतून खाली सरकू शकतो, मग ओढल्याने काय होणार! तिसऱ्या आठवड्यात त्यांचा खांदा इतका दुखू लागला की ते हाताला स्पर्श करू देईनात, आणि ज्या हाताला स्पर्शच होत नाही त्याचा व्यायाम कोठून होणार? रुग्णालयातून निघताना आमच्या हाती एक कागद दिला होता, त्यावर औषधांची नावे होती. रोग्याला कमरेशी धरून, त्याचे पाय जमिनीवर टेकवून, त्याला पुढे झुकवून कसे उठवावे हे दाखविणारी तीन मिनिटांची चित्रफीत त्या वेळी आम्हाला कोणी दाखविली असती तर मामांचा तो हात वाचला असता असे मी म्हणणार नाही, पण त्यांचे सहा महिन्यांचे दुःख खात्रीने वाचले असते. ही रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही, आणि हे प्रकरण लिहिण्याचे कारणही तीच.

उठविण्यासारखीच गिळण्याची गोष्ट. झटक्यानंतर घशाचे स्नायू दुर्बळ झालेले असतात, आणि आजाऱ्याला निजल्या निजल्या बशीतून चहा पाजणारी माया तो चहा श्वासनलिकेत उतरवू शकते. त्यातून होणारा फुप्फुसदाह अनेकांचा प्राण घेतो. गिळण्याची परीक्षा झाल्याखेरीज तोंडात पाणीही घालू नये, आणि नंतरही ताठ बसवून, लहान घोट देऊन, प्रत्येक घोटानंतर आवाज ओलसर, खरखरीत येत नाही ना हे ऐकून पुढचा द्यावा. हा ओलसर आवाज म्हणजे काय, हे छापील कागद सांगू शकत नाही. चित्रफीत तो ऐकवू शकते. येथे तिची खरी श्रेष्ठता आहे.

या साधनावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच त्याच्या परीक्षांचे निकाल दडवून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर झालेल्या ‘अटेंड’ नावाच्या प्रयोगात एका गटातील कुटुंबीयांना घरच्या घरी पुनर्वसन करण्याचे शिक्षण दिले गेले. २०१७ साली निकाल आला तो असा की, सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. पुढे लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन यांच्या नेतृत्वाखाली ‘स्प्रिंट इंडिया’ हा आणखी मोठा प्रयोग झाला. ३१ केंद्रे, ४,२९८ रोगी, १२ भाषा. एका गटाला नियमित लघुसंदेश, आरोग्यशिक्षणाच्या चित्रफिती आणि एक कार्यपुस्तिका. दुसरा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांचे वर्षभरातील प्रमाण या गटात ५.५ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ४.९ टक्के भरले. म्हणजे त्या बाबतीत लाभ दिसला नाही, आणि लाभ दिसण्याची आशा नाही म्हणून प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. औषधे नियमित घेणे आणि धूम्रपान व दारू सोडणे यांत मात्र शिक्षण मिळालेल्या गटाची प्रगती अधिक होती.

या निकालांवरून चित्रफिती निरर्थक आहेत असे अनुमान काढणारे आहेत. मला ते घाईचे वाटते. रक्तदाबाची गोळी चुकविली नाही आणि विडीकाडी सोडून दिली याचे फळ एका वर्षात पदरात पडेलच असे नाही. आणि ‘अटेंड’च्या निकालाचा धडा मी असा घेतो की शिकविलेले ज्ञान म्हणजे झालेला व्यायाम नव्हे. सुनेला क्रिया समजली, तरी पहाटे पाणी भरून, मुलांचे डबे करून, शेतावर जाऊन आलेल्या त्या बाईकडे सासऱ्याचा हात तीनशे वेळा उचलून घेण्यास वेळ कोठून येणार, हा प्रश्न पडदा सोडवू शकत नाही. तेथे प्रशिक्षित माणूसच घरी आला पाहिजे, आणि ती तजवीज सरकारनेच केली पाहिजे. चित्रफीत त्या माणसाची मदतनीस होऊ शकते; मुखत्यारपत्र देऊन तिला त्याच्या जागी बसविणे हा रोग्यावर अन्याय आहे. उत्साहालाही मर्यादा हवी. ‘अव्हर्ट’ या २,१०४ रोग्यांच्या प्रयोगात, झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच जोराने आणि वारंवार उठवून चालविलेल्या रोग्यांची अवस्था तीन महिन्यांनी उलट थोडी वाईटच आढळली. कोठून तरी आलेली, दुसऱ्याच अवस्थेतील रोग्यासाठी केलेली चित्रफीत पाहून आपल्या माणसाला उभे करण्याचा प्रयत्न करू नये. कोणती पाहावयाची आणि कोणत्या आठवड्यात, हे उपचार करणाऱ्याने ठरवून द्यावे.

चेन्नईमध्ये ‘केअर फॉर स्ट्रोक’ नावाने मोबाईलवरील अशाच चित्रफितींचा संच रोग्यांकडून व त्यांच्या घरच्यांकडून तपासून घेण्यात आला, तेव्हा ज्या अडचणी पुढे आल्या त्या उच्च शास्त्राच्या नव्हत्या: जोडणी तुटते, चित्र मध्येच अडकते, स्पष्ट दिसत नाही. सातपुड्यातील किंवा कोकणातील कोणाही माणसाला यात नवे काही वाटणार नाही. म्हणून रुग्णालयातून निघतानाच चित्रफिती मोबाईलमध्ये भरून द्याव्यात. त्याहूनही चांगले म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपिस्टने रोग्याला स्वतः व्यायाम द्यावा, आणि घरच्या माणसाने आपल्याच मोबाईलवर त्याचे चित्रण करावे. त्यात आवाज ओळखीचा असतो, दुर्बळ अंग रोग्याच्याच देहाचे असते, आणि हात नेमका कमरेला कोठे धरावा हे लेकीला पुन्हा पुन्हा पाहता येते.

आणि मग दर रविवारी, मोबाईल एका ठरलेल्या डब्याला टेकवून, गुडघ्याच्या उंचीवर, ओसरीच्या त्याच टोकापासून त्याच खांबापर्यंत चालतानाचे एक चित्रण घ्यावे. रोग्याला स्वतःची सुधारणा दिसत नाही. ती फार हळू येते, आणि निराशा त्यापेक्षा वेगाने येते. कार्तिकातली फीत आणि माघातली फीत लागोपाठ दाखविली, की पूर्वी चवडा फरशीला घासून अर्धवर्तुळ काढणारा पाय आता गुडघ्यात किंचित वाकतो आहे, खांबापर्यंत जाण्यास चौदा पावले लागत होती तेथे अकरा लागत आहेत, हे तो स्वतःच मोजतो, आणि पुन्हा एकदा दाखवा म्हणून खूण करतो.